बारा शब्दांवरचे स्वामित्व

सेल्फ-कस्टडी वॉलेट म्हणजे क्रिप्टोचलनाचे असे वॉलेट, ज्याची किल्ली एक्स्चेंजकडे किंवा अन्य कोणा मध्यस्थाकडे नसते. धारक ती स्वतःपाशी ठेवतो. अनेक जण ही व्यवस्था खासगीपणासाठी करतात. आपल्या पैशाचा हिशेब आपल्याखेरीज कोणी पाहू नये आणि तो कोणी परस्पर अडवू नये, ही त्यामागची इच्छा असते. वॉलेट उभारण्याचे काम तांत्रिक असले तरी त्यात तीन जुने तात्त्विक प्रश्न दडलेले आहेत. वस्तू कोणाच्या हातात आहे? ती कोणाला दिसते? आणि ती कोणाची आहे? पहिला प्रश्न ताब्याचा, दुसरा खासगीपणाचा, तिसरा स्वत्वाचा. रोजच्या व्यवहारात हे तिन्ही एकमेकांत मिसळलेले असतात आणि एकाचे उत्तर मिळाले की बाकीची मिळाली असे वाटते. सेल्फ-कस्टडी वॉलेटपुढे तसे वाटून घेणे महागात पडते, कारण ते पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुरते देते, दुसऱ्याचे अर्धे देते आणि तिसऱ्याचे देतच नाही.

नोंद आणि सही

वॉलेट म्हटले की पाकीट डोळ्यांपुढे येते. पण या पाकिटात नाणी नसतात. बिटकॉइनची कल्पना मांडणारा निबंध ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झाला आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनच्या नोंदवहीतला पहिला ब्लॉक, म्हणजे नोंदींचा पहिला गठ्ठा, तयार झाला. तेव्हापासूनचा प्रत्येक व्यवहार या वहीत आहे. वही जाहीर आहे, तिच्या प्रती जगभरच्या संगणकांवर आहेत आणि 'नाणे' म्हणजे तिच्यातली एक नोंद आहे.

सातबारा पाहिलेल्या माणसाला ही गोष्ट पटकन समजते, फरकांसह. सातबाऱ्यावर खातेदाराचे नाव असते. इथे नावाच्या जागी अक्षरे आणि अंक यांचा एक लांबलचक पत्ता असतो. सातबाऱ्यावरच्या फेरफाराला कागद लागतात, नोटीस निघते, हरकतीची मुदत असते आणि अधिकारी नोंद मंजूर करतो. इथे फेरफार होतो तो केवळ एका डिजिटल सहीने. सही जुळली की नोंद बदलली. सही करणारा कोण, हे विचारणारे तिथे कोणी नाही. शिवाय सातबारा हरवला तरी जमीन शिवारात असतेच. इथे नोंदीमागे दुसरी वस्तू नाही. नोंद हीच मालमत्ता.

ही सही ज्या अंकाने करता येते त्याला प्रायव्हेट की म्हणतात. त्या अंकावरून पत्ता काढता येतो, पण पत्त्यावरून अंक काढणे व्यवहारतः अशक्य आहे. सहीमुळे एवढेच सिद्ध होते की करणाऱ्याला अंक ठाऊक आहे. अंक मात्र कोणाला सांगावा लागत नाही. म्हणून वॉलेट उभारणे म्हणजे मुळात एक गुपित तयार करणे आणि ते सांभाळणे.

गुपित तयार होते तेव्हा

हे काम अनेकदा पेनड्राइव्हएवढ्या एका यंत्रावर होते, ज्याला हार्डवेअर वॉलेट म्हणतात. यंत्र आतल्या आत १२८ बिटांची एक यादृच्छिक संख्या काढते आणि तिच्यापुढे पडताळणीचे ४ बिट जोडते. या १३२ बिटांचे ११-११ चे बारा गट पडतात आणि प्रत्येक गट २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतला एकेक शब्द दाखवतो. 'अबँडन'पासून 'झू'पर्यंतची ही यादी २०१३ साली मांडल्या गेलेल्या बीआयपी-३९ या संकेतातली आहे. छोट्या पडद्यावर एकेक शब्द उमटतो आणि धारक तो कागदावर उतरवतो. या बारा शब्दांना सीड फ्रेज म्हणतात. वॉलेटमधल्या साऱ्या किल्ल्या त्यांतूनच निघतात. यंत्र फुटले, हरवले तरी बारा शब्द शाबूत असतील तर सगळे परत मिळते. शब्द गेले आणि यंत्रही गेले, तर काहीच मिळत नाही.

या कागदाची शिस्त कडक आहे. त्याचा फोटो काढायचा नाही, कारण फोनमधले फोटो बहुधा आपोआप क्लाउडवर जातात. शब्द व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवायचे नाहीत आणि कोणत्याही संकेतस्थळावर भरायचे नाहीत. शब्दांचा क्रम अंक घालून लिहायचा. या संकेताच्या अधिकृत याद्या इंग्रजी, जपानी, कोरियन, स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, चेक, पोर्तुगीज आणि दोन लिपींतली चिनी अशा आहेत. भारतीय भाषांतली एकही नाही. त्यामुळे मराठी घरातही हे शब्द सहसा इंग्रजीत लिहावे लागतात. ते देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहून ठेवले तर वर्षांनंतर स्पेलिंगचा घोळ होऊ शकतो. प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येतो, तेव्हा निदान ती चार अक्षरे रोमन लिपीत स्वच्छ असावीत.

यानंतरची पायरी अनेक जण गाळतात, आणि खरी कसोटी तीच असते. नव्या वॉलेटवर अगदी थोडी रक्कम घ्यायची, मग यंत्र मुद्दाम पुसून टाकायचे आणि कागदावरचे शब्द भरून ते पुन्हा उभे करायचे. रक्कम परत दिसली, तरच मोठी रक्कम त्यावर आणायची. आपल्याजवळ किल्ली आहे असे वाटणे आणि ती कुलपाला लागते हे पाहिलेले असणे, यांतला फरक या एका कृतीने मिटतो.

बारा शब्दांच्या वैध जुळण्या साधारण ३४ या अंकावर ३७ शून्ये दिल्यावर येणाऱ्या संख्येइतक्या आहेत. अंदाजाने शब्द ओळखणे अशक्य आहे. चोरी होते ती कागदाची, फोटोची किंवा फसून शब्द सांगणाऱ्या माणसाची.

ताबा: निक्षेप, उपनिधी, निधी

दुसऱ्याच्या हाती ठेवलेल्या धनाचा विचार भारतीय धर्मशास्त्राने बारकाईने केला आहे. मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांत, म्हणजे वादविषयांत, ऋणादानाच्या लगेच पुढे निक्षेप येतो. विश्वासाने दुसऱ्यापाशी दिलेली ठेव म्हणजे निक्षेप. याज्ञवल्क्यस्मृती उपनिधी वेगळा काढते: आत काय आहे हे न सांगता, बंद भांड्यात घालून दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू. ठेव घेणाऱ्याच्या जबाबदारीलाही तिथे मर्यादा आहे. राजाने, दैवाने किंवा चोराने ती नेली तर त्याच्याकडून भरपाई घेता येत नाही. पण मालकाने मागूनही त्याने ती दिली नसेल आणि मग ती नाहीशी झाली, तर भरपाई द्यावी लागते आणि तेवढाच दंडही भरावा लागतो.

एक्स्चेंजवरच्या नाण्यांना हा विचार थेट लागू पडतो. धारकाला पडद्यावर शिल्लक दिसते, पण किल्ली एक्स्चेंजकडे असते. ती शिल्लक हे एक वचन आहे. वचन देणाऱ्याच्या तिजोरीत खरोखर काय आहे, हे बाहेरून दिसत नाही. २०१४ साली टोकियोतले माउंट गॉक्स हे एक्स्चेंज बुडाले तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन नाहीसे झाल्याचे सांगण्यात आले. त्यांतले सुमारे दोन लाख पुढे सापडले. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे एक्स्चेंज कोसळले, तेव्हा चोराने नव्हे तर ठेव घेणाऱ्यांनीच ग्राहकांचा पैसा वापरल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. किल्ली आपली नसेल तर नाणेही आपले नाही, हे या क्षेत्रात वारंवार ऐकू येणारे वचन अशा अनुभवांतून रुजले.

सेल्फ-कस्टडीमध्ये निक्षेपही नाही आणि उपनिधीही नाही. तिचे नाते तिसऱ्या संज्ञेशी, निधीशी, म्हणजे पुरून ठेवलेल्या धनाशी आहे. चुलीखाली किंवा परसात हंडा पुरणाऱ्या माणसाला ना सावकाराचे भय, ना त्याच्या वहीचे. त्याचे धन एका माहितीवर टिकून असते: जागा कोणती? ती न सांगता तो गेला, तर हंडा असूनही नसल्यासारखा होतो. अशा धनाचा प्रश्न समाजाला इतका ओळखीचा होता की स्मृतींनी निधीची वाटणी ठरवून दिली, आणि १८७८ च्या निखात निधी कायद्यानेही दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास कलेक्टरला कळवणे सापडणाऱ्यावर बंधनकारक केले.

तरी हंडा आणि सीड फ्रेज यांत एक मोठा फरक आहे. हंडा कधीतरी नांगराला लागू शकतो. हरवलेली किल्ली कोणत्याच नांगराला लागत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या एका रहिवाशाची हार्ड डिस्क २०१३ साली कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती. नोंदी आजही जाहीर वहीत सर्वांना दिसतात, पण त्या हलवणे कोणाच्याच हातात नाही. कोणी हिरावून घेऊ शकत नाही आणि चूक झाली तर कोणी सोडवूही शकत नाही, या एकाच गुणाच्या दोन बाजू आहेत. एक घेऊन दुसरी टाळता येत नाही.

दृष्टी: गुप्तता आणि खासगीपणा

किल्ली आपल्याकडे आली की व्यवहार खासगी झाले, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. बँकेची वही बंद असते. ती बँकेला आणि कायद्याने अधिकार दिलेल्यांनाच दिसते. बिटकॉइनची वही उघडी असते. तिच्यात नाव नाही, पण रक्कम, वेळ आणि कोणत्या पत्त्यावरून कोणत्या पत्त्यावर, हे सर्व कायमचे आहे. देवळातल्या दानपेटीशी याचे साम्य आहे. पेटी उघडल्यावर पंचांसमोर रक्कम मोजली जाते, पण कोणती नोट कोणाची हे कळत नाही, म्हणून ते गुप्तदान. फरक असा की पेटीतल्या नोटेमागे माग राहत नाही. वहीतल्या पत्त्याचा माग राहतो, आणि एकदा एका पत्त्याशी नाव जोडले गेले की त्याचे मागचे-पुढचे व्यवहारही उलगडू लागतात.

नाव अनेक वाटांनी जोडले जाते. केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, केलेल्या एक्स्चेंजवरून नाणी स्वतःच्या वॉलेटवर आणली, की पहिला पत्ता कोणाचा हे एक्स्चेंजला कळते. एकाच व्यवहारात अनेक पत्त्यांवरची नाणी एकत्र खर्च केली, की ते पत्ते एकाच माणसाचे असावेत असा तर्क करता येतो. फोनवरचे ॲप दुसऱ्याच्या सर्व्हरला शिल्लक विचारते, तेव्हा त्या सर्व्हरला पत्ते आणि इंटरनेट-पत्ता दोन्ही एकत्र दिसू शकतात.

म्हणून खासगीपणासाठी किल्लीखेरीज आणखी सवयी लागतात. दर वेळी पैसे घ्यायला नवा पत्ता वापरावा. सातोशीच्या मूळ निबंधातही ही सूचना आहे. कोणती नाणी कोठून आली याची खूण ठेवावी आणि वेगळ्या वाटांनी आलेली नाणी विचार न करता एकत्र करू नयेत. जमल्यास वहीची पूर्ण प्रत स्वतःच्या संगणकावर चालवावी, म्हणजे शिल्लक कोणाला विचारावी लागत नाही. आपल्याकडे किती आहे हे चारचौघांत बोलू नये. हा उपाय सर्वांत साधा आहे आणि सर्वांत जास्त मोडला जातो. २०१४ साली सुरू झालेले मॉनेरो आणि २०१६ साली सुरू झालेले झी-कॅश या चलनांनी वहीतच रकमा आणि पत्ते झाकण्याचे गणिती मार्ग आणले.

पण झाकण्याचा हक्क माणसाला आहे का, हा प्रश्न गणिताच्या पलीकडचा आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली मिलर खटल्यात म्हटले की बँकेला स्वखुशीने दिलेल्या माहितीवर ग्राहक खासगीपणाचा दावा करू शकत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅनरा बँकेच्या खटल्यात ही वाट धरली नाही. कागद बँकेकडे गेले तरी त्यांतला माणसाचा खासगीपणा संपत नाही, अशी भूमिका घेतली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क अमर्याद नाही, हेही त्याच निकालात आहे.

इथे दोन शब्द वेगळे ठेवावे लागतात. गुप्तता म्हणजे कोणालाच न कळू देणे. खासगीपणा म्हणजे कोणाला काय आणि किती कळावे हे स्वतः ठरवणे. एरिक ह्यूज यांनी १९९३ साली, संकेतलेखनाने खासगीपणा जपू पाहणाऱ्या सायफरपंक चळवळीच्या जाहीरनाम्यात हाच भेद आधारभूत मानला. आपले दुखणे वैद्याला सांगणारा रुग्ण खासगीपणा सोडत नाही, तो वापरतो. त्याच न्यायाने, वॉलेटमधली नाणी विकून झालेला फायदा प्राप्तिकर विवरणात दाखवणारा धारक आपला खासगीपणा गमावत नाही. भारतात अशा फायद्यावर १ एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि ठरावीक मर्यादेपुढच्या हस्तांतरणावर १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएस आहे. किल्ली स्वतःकडे असल्याने यांतले काही बदलत नाही. शेजाऱ्याला, जाहिरातदाराला आणि चोराला न दिसणे हा हक्क आहे. देणे चुकवण्यासाठी न दिसणे हा हक्क नाही. वरून दोन्हींचे तंत्र एकच असते, म्हणून त्यांतला भेद तंत्र सांगत नाही. तो धारकाला स्वतःला करावा लागतो.

स्वत्व: जाणणे म्हणजे मालक असणे नव्हे

उरतो तिसरा प्रश्न. ज्याला बारा शब्द माहीत, त्याची सही चालते. मग ज्याला शब्द माहीत तोच मालक का? नेटवर्कच्या दृष्टीने हा प्रश्नच संभवत नाही. त्याला सही कळते, माणूस कळत नाही. चोराने शब्द वाचले आणि नाणी हलवली, तर वहीतली नोंद मालकाने केलेल्या नोंदीइतकीच वैध दिसते.

याज्ञवल्क्यस्मृतीत आगम आणि भोग असे दोन शब्द येतात. आगम म्हणजे वस्तू आपल्याकडे कोणत्या रीतीने आली तो आधार: खरेदी, दान, वारसा. भोग म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, ताबा. स्मृतीचा निर्वाळा असा की पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला भोग सोडला तर आगमाचे बळ भोगापेक्षा अधिक. जो मालक नाही त्याने केलेल्या विक्रीला अस्वामिविक्रय हे स्वतंत्र व्यवहारपद आहे, आणि तिथे वस्तू खऱ्या मालकाला परत मिळण्याची सोय आहे. ब्लॉकचेनला, म्हणजे त्या जाहीर वहीला, फक्त भोग कळतो. तिच्यावर अस्वामिविक्रय घडतो, पण तो उलटवता येत नाही.

मग हे स्वत्व येते कोठून? कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळात, विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली; महाराष्ट्रातल्या हिंदू वारसाविचारावर तिचा प्रभाव शतकानुशतके राहिला. तिच्यात हाच वाद आहे: स्वत्व केवळ शास्त्रावरून कळते, की ते लौकिक आहे? विज्ञानेश्वराचे उत्तर आहे, लौकिक. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशा दूरच्या लोकांतही खरेदी-विक्री चालते आणि 'हे माझे' हा व्यवहार दिसतो, हा त्याचा एक पुरावा. पुढे सोळाव्या शतकात नव्यन्याय या तर्कपरंपरेतल्या रघुनाथ शिरोमणीने स्वत्व हा द्रव्य, गुण इत्यादींत न बसणारा स्वतंत्र पदार्थच मानला. दोघांची वाट वेगळी, पण निष्कर्ष एका बाबतीत जुळतो: स्वत्व म्हणजे वस्तूला धरून ठेवणाऱ्या हातातला नुसता ताबा नव्हे. विज्ञानेश्वराच्या अर्थाने पाहिले तर ते माणसांच्या परस्पर व्यवहारात असते.

आजची न्यायालये याच वळणाने चालली आहेत. २०२५ साली मद्रास उच्च न्यायालयापुढे असा वाद आला की एका एक्स्चेंजवर पडलेल्या डल्ल्यानंतर एका धारकाची नाणीही अडकली, जरी ती चोरीला गेलेल्या नाण्यांपैकी नव्हती. क्रिप्टोचलन हातात धरता येत नसले तरी ती मालमत्ता आहे, तिचा उपभोग घेता येतो आणि ती दुसऱ्यासाठी विश्वस्त म्हणून धारण करता येते, असे न्यायालयाने म्हटले. किल्ली एक्स्चेंजकडे होती, तरी स्वत्व धारकाचे मानले गेले. म्हणजे 'किल्ली नाही तर नाणे नाही' हे वचन ताब्याबद्दल खरे आहे. स्वत्वाबद्दल खरे नाही. उलट बाजूनेही तेच: किल्ली आहे म्हणून नाणे आपले होतेच असे नाही.

विश्वासाची जागा

यातून वॉलेट उभारणाऱ्यासाठी एक कर्तव्य निघते. किल्ली जपायची तसा आगमही जपायचा. नाणी केव्हा, कोठून, किती रुपयांना घेतली याची टिपणे, बँकेचे उतारे, कराची विवरणे ही सीड फ्रेजपासून वेगळ्या ठिकाणी ठेवलेली असावीत. चोरी झाली तर पोलिसांपुढे, वाद झाला तर न्यायालयापुढे आणि मृत्यूनंतर वारसांच्या हाती उपयोगी पडतात ते हेच कागद.

वारशाचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. शब्द जिवंतपणी सांगितले तर ताबा गेला; न सांगता माणूस गेला तर धन गेले. यावर गणिताने काही मार्ग दिले आहेत. तीनपैकी कोणत्याही दोन सह्या जुळल्यावरच रक्कम हलेल असे वॉलेट उभारता येते. एक किल्ली स्वतःकडे, एक पत्नी किंवा पतीकडे, एक वकिलाकडे. आदी शमीर यांनी १९७९ साली दाखवलेल्या रीतीने एका गुपिताचे असे तुकडे करता येतात की ठरावीक संख्येने ते एकत्र आल्यावाचून काहीच कळू नये. बारा शब्दांच्या जोडीला स्वतः निवडलेला एक परवलीचा शब्द ठेवून तो निराळ्या जागी ठेवता येतो. या सर्व रीती विश्वास कमी करत नाहीत. तो अनेकांत वाटतात, म्हणजे एकाच्या विश्वासघाताने किंवा विसराळूपणाने सर्व बुडू नये.

मध्यस्थ नको म्हणून सुरू झालेली व्यवस्था अशा रीतीने पुन्हा माणसांपाशी येते, पण निवड आता धारकाची असते. साधा धारक शेवटी बहुधा एवढेच करतो: शब्दांचा कागद पाकिटात घालतो, पाकीट लाखेने बंद करतो आणि आत काय आहे हे न सांगता भरवशाच्या माणसाच्या हाती देतो, मृत्युपत्रात पाकीट कोणाकडे आहे एवढेच लिहितो. लाख फुटलेली दिसली की नाणी नव्या वॉलेटवर हलवायची, हेही ठरवून ठेवतो. याज्ञवल्क्याच्या भाषेत तो उपनिधी ठेवत असतो.